शेवटच्या नळाचं पाणी

धर्माबाद तालुक्यात पाण्याचं वर्ष दोन तारखांनी बांधलेलं आहे. १ जुलैला गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची चौदा दारं वर उचलायची आणि २९ ऑक्टोबरला ती पुन्हा खाली सोडायची. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे ठरवून दिलं. त्याप्रमाणे दर वर्षी केंद्रीय जल आयोगाचे, महाराष्ट्राचे आणि तेलंगणाचे अधिकारी दारांपाशी उभे राहतात, फोटो निघतात, बातमी छापून येते. बंधाऱ्याची साठवण २.७४ टीएमसी, त्यातलं ०.६ टीएमसी १ मार्चला खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाकडे सोडायचं, हे आकडे आमच्याकडे चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही तोंडपाठ सांगतो. पाणी किती आलं आणि किती गेलं, यावर इथे पिढ्या भांडल्या आहेत. त्या पाण्यात काय आहे, हे विचारणारा मात्र मला नोकरीभर क्वचितच भेटला.

तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक म्हणून माझी नोकरी झाली. तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, लसीकरणाचे दिवस, डासअळ्यांची पाहणी, सगळं केलं. पण सर्वांत जास्त हाताळलं ते पाणी. पिशवीत पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी द्रावणाची बाटली, दोन काचेच्या नळ्या, नमुन्याच्या बाटल्या, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि एक वही. गावात शिरलो की पोरं ओरडायची, "पाण्याचे सायेब आले." साहेब कसला, मी कर्मचारीच. पण पाणी तपासायला कुणीतरी येतो, एवढं त्या पोरांना माहीत होतं, याचं मला समाधान वाटायचं.

मराठवाड्यात पाण्याच्या गुणवत्तेविषयी बोलणं अवघड का जातं, हे समजून घ्यायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर. ज्या मुलखाने हे पाहिलं, तिथे नळाला धार आली हीच मोठी गोष्ट. आठ दिवसांनी पाणी सुटलेल्या वस्तीत जाऊन "ताई, यात क्लोरीन दिसत नाही, उकळून प्या" असं सांगताना माझीच जीभ अडखळायची. त्या बाईच्या दारात आधीच पाच घागरी, दोन टिप, एक रांजण आणि घरातली सगळी भांडी मांडलेली असायची. तिला पाणी हवं होतं. चांगलं पाणी ही तिच्यासाठी पुढची मागणी होती. पण आजार ही रांग पाळत नाही, तो आधी शिरतो.

जुलैचा पहिला पंधरवडा आमच्यासाठी सर्वांत धोक्याचा. बंधाऱ्याची दारं उचलली की अडलेलं पाणी निघून जातं, नदी खाली बसते आणि मग वरून पहिल्या पावसाचा लोंढा येतो. नांदेड शहर आमच्या वरच्या अंगाला. शहरातल्या नाल्यांचं पाणी, शेतांतून धुऊन आलेली माती, उकिरड्यांची घाण, नुकताच टाकलेला युरिया, हे सगळं त्या लोंढ्यात असतं. नदीकाठच्या उद्भव विहिरींचा तळ दिसेनासा होतो. मोठ्या शहरात जलशुद्धीकरण केंद्र असतं. तिथे तुरटी मोजून घालतात, गाळ बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात, शेवटी क्लोरीन देतात. छोट्या गावाच्या योजनेत यातलं फारसं काही नसतं. विहीर, पंप, उंच टाकी आणि नळ. विहिरीतून उपसलेलं पाणी थेट घागरीत यायला मध्ये एकच अडसर असतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. आणि ती पावडर टाकणारा एक माणूस.

त्या माणसाविषयी मला लिहायचं आहे. कागदोपत्री तो जलसुरक्षक, गावात तो 'पाणी सोडणारा'. मी ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकलो ते साठीला टेकलेले एक मामा होते. घरात तेलुगू बोलायचे, गावात मराठी. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या गावची टाकी पन्नास हजार लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पूर्ण भरलेल्या टाकीला अडीचशे ग्रॅम, हा हिशोब त्यांनी एकदा ऐकला आणि कायमचा धरला. बाकीच्या गावांत मुठीने, डब्याने, अंदाजाने पावडर पडायची. मामांनी किराणा दुकानातून जुना तराजू मागून आणला होता आणि पाव किलोचं वजन घालून ते पावडर तोलायचे.

तोललेली पावडर ते प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायचे. आधी घट्ट, मग हळूहळू पाणी वाढवत, गुठळी राहू नये म्हणून लाकडी काठीने ढवळत. तोंडाला उपरणं. मग बादली झाकून ठेवायची. थोड्या वेळाने चुना तळाशी बसतो आणि वर फिकट हिरवट निवळी येते. ती निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत अलगद ओतून टाकीत न्यायची, खालचा चुना गावाबाहेर खड्ड्यात. कोरडी पावडर टाकीत भिरकावली तर वर तरंगते, चुना पाइपात जातो, व्हॉल्व्ह धरतात आणि एका घागरीत वास, दुसरीत काहीच नाही, असं होतं. मामा लोखंडी शिडीवरून एका हाताने बादली सांभाळत वर जायचे, निवळी चार ठिकाणी फिरवून ओतायचे, खाली उतरून देवळाच्या कट्ट्यावर अर्धा तास बसायचे आणि मगच चावी फिरवायचे. क्लोरीनला जंतू मारायला हा अर्धा तास लागतो. लोक घागरी घेऊन ओरडत असायचे, सरपंचांचा फोन यायचा, पण मामा उठायचे नाहीत. या अर्ध्या तासाने त्या गावातली किती लेकरं जुलाबापासून वाचली असतील, त्याची नोंद कुठेही नाही. न झालेल्या आजाराला रजिस्टर नसतं.

मामांचा पगार पाणीपट्टीच्या वसुलीवर अवलंबून होता आणि वसुली सुगीवर. मिरची चांगली विकली गेली तर पगार, नाहीतर उधारी. धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागले की मी त्यांना विचारायचो, "मामा, मिळाला का?" ते म्हणायचे, "दोन महिन्याचा मिळाला, बाकी बघू." कोट्यवधींच्या योजना, लाखोंच्या टाक्या, आणि सगळं ज्याच्या हातावर उभं आहे त्याचा पगार सर्वांत शेवटी. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता पावडरीचं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर वापरू नये असा नियम आहे. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पोत्यात पावसाळ्यापर्यंत चुनाच उरतो. माणूस इमानाने अडीचशे ग्रॅम टाकतो आणि पाण्यात काहीच जात नाही. म्हणून पाण्याबरोबर पावडरीचाही नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. तो अहवाल काही गावांत मी स्वतः वाचून दाखवायचो, कारण तो पाकिटातून बाहेरच येत नसे.

टाकीखालच्या नळाला पाणी चांगलं लागणारच. खरी परीक्षा शेवटच्या नळावर. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच पांढऱ्या कागदावर धरून पाहायचं. पिवळी झाक आली तर क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन राहायला हवा. साथीच्या दिवसांत ०.५ असावा. वाटेत पाइपात काही शिरलं तर त्याच्याशी लढायला उरलेली ही शिबंदी. टाकीपाशी पिवळं आणि शेवटच्या नळाला पांढरंफटक असं दिसलं, की वाटेत कुठेतरी घाण मिसळते आहे किंवा मुळात पावडर कमी पडली आहे, हे समजावं.

आणि शेवटचा नळ कुणाचा असतो? गाव जिथे संपतं तिथल्या घरांचा. दलित वस्ती, मातंग वस्ती, भोईवाडा, बाहेरून आलेल्या मजुरांची घरं. उंचावरची, पाइपाच्या टोकाची. तिथे दाब नसतो, म्हणून लोक दारात खड्डा खणतात आणि जमिनीच्या खाली दोन हात पाइप कापून त्यात वाटी धरून पाणी घेतात. नळाला तोटी नसते. पाणी बंद झालं की खड्ड्यात साचलेलं पाणी, भांड्यांचं खरकटं, कोंबड्यांची घाण, सगळं उघड्या पाइपातून परत आत जातं. जीवाणूंच्या तपासणीसाठी नमुना घ्यायचा तर आधी तोटीचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीवर तापवावं, पाणी दोन मिनिटं वाहू द्यावं, मग निर्जंतुक बाटली भरावी, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे तापवायला तोटीच नाही, नमुना खड्ड्यात वाकून घ्यायचा. तरीही तिथलाच घ्यायला हवा, कारण माणसं तेच पितात.

दुसरी गोष्ट टिल्लू पंपाची. मधल्या आळीतली घरं नळाला थेट मोटार लावतात. मोटार ओढायला लागली की पुढच्या पाइपात पोकळी होते आणि जिथे पाइपाला भेग असेल, सांधा सैल असेल, तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आमच्याकडे नळाच्या जोडण्या नालीच्या कडेने, कित्येकदा नालीतूनच गेलेल्या असतात. म्हणजे वरच्या घराची मोटार चालू झाली की खालच्या घराच्या नळात नाली उतरते. भांडण लागतं ते पाणी कमी आलं म्हणून. घाण आली म्हणून भांडलेलं मी पाहिलेलं नाही.

एका गावात एकदा असंच झालं. श्रावण लागला होता. सकाळी आशाताईंचा फोन, एका आळीत रात्रीपासून जुलाब. आम्ही पोचेपर्यंत समाजमंदिरात सतरंज्या पसरल्या होत्या, खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. डॉक्टर रुग्ण पाहत होते, मी ओटीची बाटली घेऊन टाकीपासून चालायला लागलो. टाकीखाली पिवळं. चावडीपाशी पिवळं. शाळेपाशी फिकं. त्यापुढच्या वळणावर काहीच नाही. वळण आणि शाळा यांच्यामध्ये व्हॉल्व्हचा एक चेंबर होता, त्यावरची फरशी पावसाने सरकलेली. आत कमरेइतकं काळं पाणी आणि त्यात व्हॉल्व्ह बुडालेला. नालीचं तोंड चेंबरच्या भिंतीतून आत फुटलं होतं. पाणी चालू असताना गळती बाहेर, पाणी बंद झालं की बाहेरचं सगळं आत. आजारी घरं मोजली तर बहुतेक सगळी त्या वळणाच्या पलीकडची. चेंबर उपसला, वॉशर बदलला, नालीचं तोंड सिमेंटने बुजवलं, लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्याने धुतली. खर्च किरकोळ. महिन्याभरापूर्वीच्या पाहणीत त्या चेंबरची फरशी सरकल्याची नोंद होती. ग्रामपंचायतीच्या फायलीत ती कागदावर सही होऊन लागलेली होती.

आमच्याकडे पाण्याच्या स्रोतांची पाहणी वर्षातून दोनदा होते, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर. जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं; सलग पाच वर्षं साथ नाही आणि कार्ड हिरवंच, तर चंदेरी. पद्धत चांगली आहे. मी मनापासून तिचा पुरस्कर्ता आहे. पण कार्ड भिंतीला टांगायला नसतं. लाल कार्ड मिळालेल्या गावाने लाजायचं कारण नाही. लाल कार्ड म्हणजे कुणीतरी चेंबरचं झाकण उचलून पाहिलं, याची पावती. ज्या गावाला न पाहताच हिरवं मिळतं, तिथे मला जास्त भीती वाटते.

नोंदवही खोटी असली की काय होतं, याचं जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या वॉकर्टन गावाचं आहे. लोकवस्ती जेमतेम पाच हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. २००० च्या मे महिन्यात मोठा पाऊस झाला, जवळच्या गोठ्याच्या शेतातलं शेणखत धुऊन एका उथळ विहिरीत उतरलं. सात माणसं दगावली, २,३०० हून अधिक आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशीत निघालं की तिथले कर्मचारी वर्षानुवर्षं क्लोरीन न मोजताच रोजच्या आकड्यांची नोंद करत होते. श्रीमंत देश, पक्के रस्ते, प्रयोगशाळा, सगळं होतं. नव्हतं ते रोज सकाळी नळीत पाणी धरून पाहणं. हा अहवाल मी वाचला तेव्हा मला आमची कित्येक रजिस्टरं आठवली, ज्यांत महिन्याच्या सगळ्या तारखांना एकाच पेनाने, एकाच अक्षरात "ओटी पॉझिटिव्ह" लिहिलेलं असतं.

आपल्या राज्यातली उदाहरणंही दूरची नाहीत. २०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी इथे कॉलरा पसरला, माणसं दगावली. नळयोजनेचं वीजबिल थकल्याने वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. वीजबिल हा हिशोबाचा विषय समजला जातो, पण जुलै महिन्यात पंपाची वीज तोडणं हा आरोग्याचा निर्णय आहे आणि तो तसाच घेतला जायला हवा. आमच्याच नांदेड जिल्ह्यात २०२४ च्या जूनअखेर मुगाव तांड्यावर विहिरीचं पाणी पिऊन नव्वदहून जास्त लोक आजारी पडले. तांडा म्हटला की बहुतेक वेळा मूळ गावाच्या योजनेपासून लांब, एक विहीर, तिच्याच काठावर धुणी आणि जनावरं. पावसाचं पहिलं पाणी कडेने वाहून थेट आत. कठडा दोन हात उंच केला आणि भोवती फरशी घालून पाण्याला उतार दिला तर निम्मी जोखीम जाते, हे माझ्या पाहण्यातलं आहे.

जंतूंचं एक बरं, ते लगेच कळतात. दोन दिवसांत माणूस आडवा पडतो, गाडी येते, पावडर टाकली जाते. जे पाण्यात विरघळलेलं असतं ते वर्षानुवर्षं कळत नाही, आणि तिथे माझ्या पिशवीतल्या ओटीच्या बाटलीचा काही उपयोग नसतो.

उन्हाळ्यात नदी आटली, विहिरी तळाला गेल्या की गावं बोअरवर येतात. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजूला, मराठवाड्याचा नेहमीचा काळा बेसॉल्ट संपतो आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. हाच खडक पुढे तेलंगणात नलगोंड्यापर्यंत पसरलेला आहे. ग्रॅनाइटच्या भेगांत पाणी जितकं खोल आणि जितकं जुनं, तितका त्यात फ्लोराइड उतरण्याचा संभव जास्त. मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढे लहानपणी, दात आतून घडत असताना, रोज ते पाणी पोटात गेलं तर दातांवर आडवे खडूसारखे पांढरे पट्टे येतात, पुढे ते पिवळे, तपकिरी होतात. प्रमाण आणखी जास्त आणि वर्षं अनेक असली तर हाडं, सांधे धरतात. जिल्ह्यात किनवटचं नाव यासाठी आधीपासून घेतलं जातं. एकदा आलेला डाग जात नाही.

गावकऱ्यांच्या पाणी तपासण्याच्या स्वतःच्या रीती आहेत. पाणी निर्मळ दिसतं का, साबणाला फेस येतो का, चवीला कसं लागतं आणि डाळ शिजते का. क्षार जास्त असले की तुरीची डाळ दगडासारखी राहते, म्हणून बायका पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वेगळ्या बोअरचं पाणी लांबून आणतात. एका वस्तीत एक मावशी मला कौतुकाने सांगत होत्या, "ह्या बोरचं पाणी लई गोड हाय बघा, डाळ एका शिट्टीत शिजायली." त्यांच्या नातवाने हसून दात दाखवले तेव्हा मी नमुना भरला. अहवालात फ्लोराइड मर्यादेच्या वर आला. हे योगायोगाने झालेलं नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून खाली बसतो, पाण्यात फारसा विरघळत नाही. कॅल्शियम कमी असलेल्या मऊ पाण्यात तो मोकळा राहतो. म्हणजे डाळ चटकन शिजवणारं पाणीच कित्येकदा फ्लोराइडचं निघतं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली परीक्षा इथे उलटी पडते. त्या बाईला अडाणी म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. तिच्या हातात जी साधनं होती त्यांनी तिने सर्वांत चांगलं पाणी निवडलं होतं. दुसरं साधन तिच्या हाती देणं हे आमचं काम होतं.

नायट्रेटचंही तसंच. मिरची आणि कापसाला टाकलेला युरिया, उकिरड्यांचा आणि शोषखड्ड्यांचा पाझर, हे मुरत मुरत भूजलात जातं. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने कमी होते, अंग निळसर पडतं. आणि लोक काय करतात? बाळासाठी म्हणून पाणी मुद्दाम वीस मिनिटं उकळतात. उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत. पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. "पाणी उकळून प्या" हे वाक्य मी आयुष्यभर भिंतींवर लिहिलं, आणि ते जंतूंसाठी खरंच आहे. पण बोअरच्या गावात तेवढंच पुरत नाही. तिथे स्रोत बदलावा लागतो, किंवा नदीच्या पाण्यात मिसळून प्रमाण खाली आणावं लागतं, किंवा फ्लोराइड काढावं लागतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची रीत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. स्वस्त आहे, पण रोज मोजून करणारं माणूस लागतं. पुन्हा माणूसच.

लोकांनी यातून आपली वाट काढली, ती जारची. आज तालुक्यातल्या बहुतेक गावांत फिल्टरचं पाणी मिळतं, वीस लिटरचा जार. आरओने फ्लोराइड, नायट्रेट, क्षार निघतात, हे खरं आहे आणि फ्लोराइडच्या गावात मी स्वतः ते प्यायला सांगितलं आहे. पण आरओच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक नसतो. जार न धुता भरला, थंड पाण्याच्या टाकीत शेवाळ धरलं, घरी त्यात हात बुडवून पेला भरला, की ते पाणी बिनहत्यारी असतं. मी तपासलेल्या जारच्या पाण्यातही एचटूएसची बाटली काळी झालेली पाहिली आहे. त्या बाटलीत पाणी भरून दिवसभर ठेवलं आणि रंग काळा आला की विष्ठेतले जंतू असण्याची दाट शंका. शिवाय जार विकत घेतला की माणूस गावाच्या नळाकडे पाठ फिरवतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो ग्रामसभेत नळाबद्दल बोलायचं थांबतो, आणि नळ उरतो तो ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्यासाठी.

आमच्या सीमेपलीकडे तेलंगणाने ऑगस्ट २०१६ मध्ये मिशन भगीरथ सुरू केलं, शुद्ध केलेलं नदीचं पाणी नळाने घरोघर. आमच्या लोकांच्या सोयरिकी तिकडे, बाजार तिकडे. बासरला दर्शनाला गेलेला माणूस येताना तिथल्या नळाची गोष्ट घेऊन येतो. धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी तेलंगणात सामील करा अशी मागणी केली, तिच्यामागे इतर सोयींबरोबर पाणीही होतं. २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने आपल्याकडेही दर माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलं, आणि त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पाइप किंवा टाकी ही नव्हती. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं, ही ती गोष्ट.

एका गावात मी ते प्रशिक्षण पाहिलं. शाळेच्या व्हरांड्यात बसून बचतगटातल्या बायका परीक्षानळीत थेंब मोजून टाकत होत्या. एकजण आपल्या घरचं, एकजण टाकीखालचं आणि एकजण टोकाच्या वस्तीतलं पाणी घेऊन आली होती. तिन्ही नळ्या उन्हात शेजारी धरल्या. दोन पिवळ्या, एक कोरी. कोरी जिच्या हातात होती ती बाई काही बोलली नाही, नळी घेऊन तशीच ग्रामपंचायतीत गेली आणि ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवून उभी राहिली. आठवडाभरात त्या गल्लीतली नालीतून गेलेली जोडणी वर उचलली गेली. माझे अहवाल ज्या फायलीत वर्षानुवर्षं झोपले होते, तिथे त्या नळीने आठ दिवसांत काम केलं.

वाचकहो, तुम्ही धर्माबादला राहत असा किंवा दुसऱ्या कुठल्या गावात, येत्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. शेवटच्या नळावर क्लोरीन मागच्या आठवड्यात कुणी आणि कधी पाहिला? टीसीएलचा अहवाल कुठे आहे? पिण्याच्या बोअरचा फ्लोराइड आणि नायट्रेट किती? आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार कितव्या महिन्यापर्यंत झाला आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि लिहिलेल्याखाली सही मागा.